सातमाळ्याच्या पायथ्याशी एक घर: जागेच्या निवडीचं प्रकरण

सर मे २०२२ अखेरीला निवृत्त झाले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "नाना, डोंगरात जागा बघायची आहे. माणसाचा आवाज येणार नाही अशी."

चौतीस वर्षं अमळनेरला शाळेत गणित शिकवलेला माणूस. घंटा, पोरांचा गलका, शेजारच्या मंगल कार्यालयाचे भोंगे, यांतच आयुष्य गेलेलं. वडिलोपार्जित अडीच एकर कोरडवाहू त्यांच्या नावावर होती. तिचा सातबारा पुढे फार उपयोगी पडला, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं, आणि बाहेरून डोंगर बघायला येणारी निम्मी मंडळी तिथेच अडतात.

मी भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं भूकरमापक होतो. खान्देशातल्या बहुतेक तालुक्यांत माझी साखळी फिरली आहे. निवृत्तीनंतर लोक जागेचे फोटो घेऊन येतात. जागा आवडलेली असते, इसार दिलेला असतो, आणि मग विचारतात, "नाना, कागद बघता का?" सरांनी आधी विचारलं, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून मांडता येतंय. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

सरांच्या मनात एक चित्र होतं: उंचावर लाकडी खोली, भोवती झाडी, खाली वाहता झरा. वहिनींची अट एकच. त्यांना मधुमेह आहे, गुडघे दुखतात. "रात्री-अपरात्री तासाभरात दवाखान्यात पोचता आलं पाहिजे. बाकी तुम्ही दोघं ठरवा." जमीन आणि घर मिळून चोवीस लाखांच्या वर जायचं नव्हतं. कल्याणला नोकरी करणारा मुलगा सुटीला रेल्वेने येणार, म्हणून स्टेशन फार लांब नको.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो डोंगराचा. खान्देशाला डोंगर तीन बाजूंनी आहे, पण तीनही डोंगर वेगळे. उत्तरेला सातपुडा, अक्कलकुव्यापासून रावेरपर्यंत पसरलेला. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, जिचा कडा खान्देशाकडे तोंड करून खाली कोसळतो. पश्चिमेला साक्री-पिंपळनेरकडे सह्याद्रीचे फाटे. पाऊस वेगळा, दगड वेगळा, आणि मुख्य म्हणजे जमिनीची मालकी वेगळी. ही मालकी फोटोत दिसत नाही.

पहिली फेरी तोरणमाळची झाली. जुलैचा शेवट, ढग रस्त्यावर उतरलेले, यशवंत तलाव काठोकाठ. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून जास्त उंची, त्यामुळे शहाद्याचा उकाडा घाटात मागे राहतो. सर तलावाच्या काठी बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी समजलो, मन बसलं.

तिथल्या एका मध्यस्थाने सायंकाळी प्रस्ताव ठेवला. जमीन एका पावरा आदिवासी कुटुंबाची. खरेदी होणार नाही हे त्यालाही माहीत होतं. म्हणाला, "जागा त्याच्याच नावावर राहू द्या. नव्याण्णव वर्षांचा करार करू, नोटरी करू, घर तुम्ही बांधा."

या करारावर थोडं थांबून लिहितो, कारण सातपुड्यात ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे अख्खे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या (आदिवासी) क्षेत्रात येतात. शिवाय जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ आदिवासी खातेदाराला राज्यभर लागू आहे. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यापुढच्या व्यवहाराला शासनाची पूर्वमान्यताही. नोटरीचा शिक्का यातलं काहीही पुसत नाही. १९७० च्या दशकात हे कायदे कडक झाले आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा आला, त्याला कारण होतं. सावकारी कागदांवर अंगठे घेऊन याच तालुक्यांतली शेतं गेली होती. नोकरीत असताना शहाद्याकडे मी अशी शेतं मोजली आहेत, जिथे मूळ मालकाचा नातू त्याच शेतात सालदार म्हणून राबत होता.

हे सगळं मी सरांना परतीच्या वाटेवर घाटात सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे शिक्षकाने निवृत्तीला हे करायचं?" तोरणमाळ तिथेच मिटलं. वहिनींची तासाभराची अट तर तसंही तिथून पुरी होत नव्हती.

दुसरी फेरी रावेर-यावलकडे, पालच्या बाजूला. सुकी नदीचा परिसर, सागाचं रान, आणि खाली नजर जाईल तिथवर केळी. इथे दोन गोष्टी आडव्या आल्या. दाखवलेल्या दोन जागांपैकी एक वनपट्टा निघाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. दुसरी जागा खाजगी, स्वच्छ सातबाऱ्याची, पण यावल अभयारण्याच्या अगदी लगत. हे अभयारण्य १९६९ चं. लगतच्या पर्यावरण संवेदनशील पट्ट्यात स्वतःच्या राहण्यापुरतं घर होऊ शकतं, पण प्रत्येक पायरीवर वनखात्याचं मत लागतं, आणि ते लागावंच.

तिथली खरी अडचण मात्र पाण्याची. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूचा जाड पट्टा आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. पाऊस पडला की पाणी त्यातून सरळ खाली झिरपतं. खालच्या केळीच्या पट्ट्याला याच पाण्याचा आधार आहे. पण त्या पट्ट्यावर घर बांधणाऱ्याला ते हाताशी सापडत नाही, पातळी फार खोल असते. नदी शेजारून वाहते आणि घरात प्यायला पाणी नाही, अशी स्थिती. डोंगराच्या पायथ्याशी भरपूर पाणी असणारच, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

साक्रीकडची फेरी लवकर आटोपली. हवा छान, पाऊस खान्देशाच्या मानाने चांगला, पांझरा आणि कान यांचा उगमाकडचा मुलूख. पण पश्चिम साक्रीतली पुष्कळ गावं अनुसूचित क्षेत्रात. जी एक जागा त्याबाहेर होती ती ब्राह्मणवेलच्या पठाराच्या बाजूला, आणि तिथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. दुपारी त्या शोभून दिसल्या. रात्री अकराला आम्ही मुद्दाम परत जाऊन उभे राहिलो. पात्यांचा घुमारा एका लयीत येत राहतो, थांबत नाही. सरांनी दहा मिनिटं ऐकलं आणि गाडीचं दार उघडलं. दिवसा पाहिलेली जागा रात्री एकदा ऐकावी, हे मी त्या दिवशी शिकलो. एकतीस वर्षं मी जमिनी फक्त उजेडात पाहिल्या होत्या.

उरला सातमाळा. खरं तर सरांच्या मनात पहिल्यापासून तोच होता, बोलायला ते संकोचत होते. चाळीसगावपासून अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ उभा केला. त्याचा शिलालेख १२०७ सालचा आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. गणिताच्या मास्तराला याहून मोठं तीर्थ कोणतं? दरवर्षी ते पोरांची सहल तिथे नेत. हेमाडपंती महादेव मंदिरापाशी बसवून त्यांनी कितीतरी तुकड्यांना लीलावतीतली भुंग्यांची आणि हंसांची गणितं घातली आहेत.

पाटण्याच्या दरीत मात्र घर होणं नव्हतं. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ चं, आणि दरीचा गाभा त्यातच येतो. अभयारण्याबाहेर, दरीच्या तोंडाशी एक शेत होतं. भाव परवडणारा, रस्त्यापासून तीनशे पावलं, समोर कडा, पावसाळ्यात धबधबा. मी आजवर इतकी देखणी जागा क्वचित पाहिली असेल. सरांनी डायरीत घराचा आराखडा काढायलाही घेतला.

मी शेताच्या खालच्या अंगाला गेलो. बाभळीच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेलं गवत आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या. बांधापाशी गुळगुळीत गोटे पडलेले, काही तर बैलाच्या डोक्याएवढे. शेतातला दगड धारदार असतो. गोल गोटा तिथला नसतो, त्याला पाण्याने आणलेलं असतं. गुरं चारणारा एक म्हातारा बाबा बघत उभा होता. त्याने सांगितलं, "सर, आठे नदी रातले येस." म्हणजे इथे रात्री नदी येते.

३०-३१ ऑगस्ट २०२१ ची ती रात्र चाळीसगाव विसरलेलं नाही. डोंगरावर अतोनात पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला, डोंगरी आणि तितूर नद्या बाजारपेठेत शिरल्या. काठच्या गावांतली गुरं वाहून गेली, शेतातली माती गेली. कडा उत्तरेला सरळ तुटलेला आहे, त्यामुळे पठारावर पडलेलं पाणी काही तासांत दरीतून खाली येतं. त्याला पसरायला जागा नाही. दरीचं तोंड म्हणजे नरसाळ्याची नळी. सर ज्या जागी ओसरी काढत होते तिथे त्या रात्री पुरुषभर पाणी होतं.

डायरी मिटून सर म्हणाले, "मी पोरांना आकृतीवरून पाण्याचा वेग काढायला शिकवायचो. मला समोर दिसलं नाही." मी त्यांना सांगितलं की पुराच्या खुणा दिसायला पाणी उतरल्यावर यावं लागतं.

पण त्या म्हाताऱ्या बाबामुळेच पुढची जागा सापडली. त्याच्या पाहुण्यांच्या गावी, त्याच रांगेच्या पायथ्याशी काही कोस पुढे, अभयारण्याच्या पट्ट्याबाहेर, तीन भावांच्या सामाईक गटातला वरचा तुकडा विकायचा होता. गावापासून सव्वा किलोमीटर, मध्ये एक टेकडी, त्यामुळे गाव दिसत नाही. कडा पाऊण कोस मागे. नाला आहे, पण तो शेताच्या खालून वळून जातो, आणि शेत त्याच्यापासून पायरीपायरीने तीस-पस्तीस फूट वर चढतं. चाळीसगावचं सरकारी रुग्णालय आणि रेल्वे स्टेशन पन्नास मिनिटांवर. सरांना ती जागा पहिल्या भेटीत आवडली नाही. धबधबा नाही, दाट झाडी नाही, पळसाची आणि अंजनाची विरळ झाडं, बाकी कुसळी गवत. मला मात्र ती जागा उभी राहिल्या राहिल्या पटली, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

पाण्याची परीक्षा मेपर्यंत थांबून घ्यायची ठरली. भाऊ घाई करत होते, दुसरं गिऱ्हाईक असल्याचं सांगत होते. म्हाताऱ्या बाबाचाही सल्ला तोच होता: "उन्हायामा या, मंग इहीर देखा." शेतात अडतीस फूट खोल जुनी विहीर आहे, व्यास अठरा फूट. १४ मे २०२३ ला आम्ही इंजिन लावून पाणी तीन फूट उपसलं आणि खूण केली. रात्रभर शेजारच्या खळ्यात झोपलो. सकाळी पाणी चार इंच चढलं होतं. सरांनी तिथेच काडीने मातीत गणित मांडलं: तळाचं क्षेत्रफळ सुमारे २५४ चौरस फूट, चार इंचांनी गुणलं तर ८५ घनफूट, म्हणजे साधारण २,४०० लिटर. दोन माणसं, एक गाय आणि तीस झाडं यांना पुरेल, बागायतीला नाही. अवर्षणाच्या वर्षी हे निम्म्यावर येईल असं धरून छपराचं पाणी साठवायचं ठरलं. साठ चौरस मीटर छप्पर, कमी पावसाचं वर्ष म्हणून ५०० मिलिमीटर, आणि वाया जाणारं सोडलं तर हाती येतं २४,००० लिटर. पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरले तर आठ महिन्यांना पाच हजारही लागत नाहीत. म्हणून १०,००० लिटरची टाकी.

इथे एक चूक झाली. व्यवहार झाल्यावर सरांनी मला न विचारता बोअर घेतली. कोणीतरी नारळ हातावर धरून जागा दाखवली होती. २८० फूट गेले, वर आला तो राखाडी धुरळा. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत, आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग लागली तर लागली, नाहीतर खोल गेल्याने पाणी वाढत नाही. आधी भूजल सर्वेक्षणवाल्यांचा सल्ला घेतला असता तर ते पैसे टाकीला लागले असते. सरांना याचं अजून वाईट वाटतं.

कागदांना सात महिने लागले. सुरुवातीला भाऊ आठ गुंठे द्यायला तयार होते. तुकडेबंदी कायद्याप्रमाणे जिरायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र २०२३ च्या अधिसूचनेनंतर वीस गुंठे आहे, त्याखाली तुकडा पाडता येत नाही. अखेर बेचाळीस गुंठ्यांवर जमलं. तीस वर्षांचे फेरफार काढले. त्यात वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत तीन भाऊ होते, दोन बहिणी नव्हत्या. भावांचं म्हणणं, "त्यांचं लग्न झालं, त्या काही मागत नाहीत." मी तिथे अडून बसलो. एकीला पारोळ्याजवळ दिलेली, दुसरी सुरतेला. दोघींची नावं लावून घेतली, दोघी खरेदीखताला समक्ष आल्या आणि आपापला हिस्सा घेऊन गेल्या. यात तीन महिने गेले. मधल्या भावाने मला बरंच काही सुनावलं. थोरली बहीण दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीवर बसून सरांना म्हणाली, "भाऊ, बापाच्या वावराच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा वाचलं." नोकरीत मी हजारो नोंदी पाहिल्या, त्यांतल्या किती बहिणी अशा गाळलेल्या असतील, हा विचार मला त्या दिवसापासून सोडत नाही.

मोजणी सरकारी करून घेतली, 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावरच उरलेली रक्कम दिली. सातबाऱ्यावरच्या बेचाळीस गुंठ्यांत सहा गुंठे पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, तो नाल्याकडचा उतार. भोगवटा वर्ग एक, म्हणजे विकायला मोकळी, इतर हक्कात बोजा नाही. रस्ता मात्र कागदावर नव्हता. वहिवाट वरच्या शेतकऱ्याच्या बांधावरून होती, त्याच्या भल्या स्वभावावर चालणारी. त्याच्याशी बोलून दहा फूट रुंद वाटेचा हक्क नोंदणीकृत दस्ताने लिहून घेतला आणि त्याचा फेरफार ओढून घेतला. तहसीलदारांकडे कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो हे खरं, पण शेजाऱ्यावर अर्ज करून त्याच डोंगरात म्हातारपण काढायचं, हे मला योग्य वाटत नाही. आधी त्याच्या ओट्यावर जाऊन चहा घ्यावा.

याहून मोठा प्रश्न कुंपणाचा निघाला, आणि या सगळ्या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथे आहे. सरांना चारी बाजूंनी तार हवी होती. एकांतासाठी तर जागा घेतली! खांब रोवायला सुरुवात झाली त्या संध्याकाळी सात-आठ माणसं येऊन उभी राहिली. कोणी आवाज चढवला नाही. गावची गुरं शेताच्या पश्चिम कडेने पाझर तलावावर पाण्याला जात, आणि हिवाळ्यात ठेलारी मेंढपाळांचे कळप त्याच वाटेने खाली उतरत. नकाशात ती वाट नाही. मी तीच जमीन फिरून पाहिली होती, आणि गवतात दाबलेली पायवाट मला दिसूनही मी सरांना तिच्याबद्दल बोललो नव्हतो. हा दोष माझा. त्यांतला एक जण म्हणाला, "हाई वाट आमना आजानी शे."

सर रात्रभर अस्वस्थ होते. त्यांचं म्हणणं, पैसे मोजले, मोजणी झाली, हद्द कायम झाली, मग वाट कशाची? कागदावर त्यांची बाजू भक्कम होती. वहिनी म्हणाल्या, "गुरं पाण्याला जाताना घंटा वाजतील त्या ऐकू. तेवढा आवाज चालेल मला. मला रात्री काही झालं तर कोणाला हाक मारणार तुम्ही?" दुसऱ्या दिवशी पश्चिमेचे खांब आठ फूट आत घेतले. साडेतीन गुंठ्यांच्या आसपास जमीन वाटेला सुटली. त्या बदल्यात कोणी काही लिहून दिलं नाही, मागितलंही नाही. पण बांधकामाला पाणी कमी पडलं तेव्हा वरच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीवरून नळी टाकली. वणव्याच्या दिवसांत गावची पोरं स्वतःहून कुंपणाबाहेरचं गवत कापून जाळरेषा करून देतात.

आता घराचं. लाकडी खोलीचा हट्ट सरांनी सर्वांत उशिरा सोडला. मी त्यांना काही समजावलं नाही. मे महिन्यात दुपारी दोनला माझ्या भाच्याच्या पत्र्याच्या गोदामात पाच मिनिटं उभं केलं. पारा ४४ च्या पुढे गेलेला. आपल्याकडे पातळ भिंत आणि पातळ छप्पर म्हणजे भट्टी. त्यात लाकडाला वाळवी, आणि फाल्गुनात डोंगराला लागणारे वणवे. खान्देशातली जुनी धाब्याची घरं बघा: जाड मातीच्या भिंती, सागाच्या सऱ्यांवर फळ्या-काड्या, वर हात-हात पांढरी माती. बाहेर रान तापतं आणि आत माणूस घोंगडी पांघरून दुपारची झोप घेतो. पण धाब्याला दर पावसाळ्याआधी माती लागते, आणि ती चढवणारं घरात कोणीतरी लागतं. सर-वहिनींना ते झेपणारं नव्हतं.

म्हणून मध्यम मार्ग काढला. भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या, अठरा इंच. छताला लोखंडी गर्डर, त्यावर शहाबादी फरशी, वर कोबा आणि चुन्याचा पांढरा हात. एक मोठी खोली, एक लहान, आतच संडास-न्हाणी, उत्तर-पूर्वेला खोल ओसरी. सगळं मिळून पाचशे चौरस फूट. घर शेताच्या खालच्या काळ्या मातीत बांधायचं नाही हे पक्कं होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हात हातभर भेगाळते, आणि पाया तिच्याबरोबर हलतो. सत्तर पावलं वर मुरूम लागतो, तिथे चार फुटांवर कठीण थर मिळाला. बांधकामाची परवानगी शेतघराची आहे, म्हणजे खातेदाराने कुटुंबासह राहायला आणि शेतीची अवजारं, चारा ठेवायला. उद्या कोणी तिथे पाहुणे ठेवून भाडं घ्यायचं म्हटलं तर तो अकृषिक वापर, आणि त्याचा रस्ता वेगळा. सरांच्या मुलाला ती कल्पना सुचली होती. सरांनी नाही सांगितलं.

विजेचे खांब सहाशे मीटरवरून आणायचा खर्च फार होता, म्हणून छतावर एक किलोवॉट सौर पॅनेल आणि बॅटऱ्या. पंखे, दिवे, इन्सुलिन ठेवायला लहान फ्रिज चालतो. मोबाइलला रेंज ओसरीच्या पूर्व कोपऱ्यातच येते. या परिसरात बिबट्या आहे. २०१७ साली गिरणाकाठच्या गावांनी नरभक्षक बिबट्याची दहशत सोसली आहे. म्हणून गायीचा गोठा घराला लागून, पक्क्या भिंतीचा आणि जाळीच्या दाराचा, आणि अंधार पडल्यावर अंगणात वाकून काम करायचं नाही. घोणस आणि मण्यार दोन्ही तिथे निघतात. जोत्याभोवतीची दगडांची रास पहिल्या महिन्यातच हलवली, कारण तिथे उंदीर झाले होते आणि उंदरामागे साप येतो. चावलं तर मांत्रिक नाही, सरळ चाळीसगाव. गाडी कायम डोंगराकडे पाठ करून उभी असते.

घर जून २०२४ ला राहतं झालं. हिशेब चोवीसऐवजी सव्वीस लाखांवर गेला, त्यात ती कोरडी बोअर आहे. सर दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत तिथे राहतात, वहिनी होळीनंतर अमळनेरला येतात. ओसरी उत्तर-पूर्वेला आणि मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून ऊन ओसरीवरून लवकर सरकतं, वहिनींचे गुडघे आखडतात. हे आम्ही तिघांनीही आधी मोजलं नव्हतं. पूर्वेची खिडकी मोठी करायचं काम यंदा निघालं आहे.

ऑगस्टमध्ये दोघं जात नाहीत. नाल्यावरची फरशी पाण्याखाली जाते, एकदा नऊ तास वाट बंद होती. तेवढे दिवस म्हाताऱ्या बाबाचा नातू गायीला वैरण घालतो आणि टाकीची पातळी फोनवर कळवतो. ऑगस्ट सोडला तर विहिरीची पातळी सर स्वतः दर पौर्णिमेला दोरीने मोजतात. ओसरीच्या भिंतीवर कोळशाने तारीख आणि फूट लिहिलेले आहेत. मे २०२५ च्या रकान्यात पाणी तळापासून सहा फुटांवर आहे.